पान फुटलं म्हणजे काडी जगली असं नाही : जास्वंदीची काडी मातीत खोचल्यावर आत काय घडतं

मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की आमच्या वाडीत एक काम कुणी न सांगता सुरू होतं, ज्याच्या त्याच्या हातात कात्री नाहीतर कोयती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या. डबल जास्वंदीची, अनंताची, क्रोटनची, तगरीची. शेजारच्या काकींकडे काडी मागायला गेलं की त्या म्हणतात, "घेवन जा गो, एकच कित्याक, चार ने." आणि चार नेल्या तरी बऱ्याचदा एकही जगत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझ्या पहिल्या वर्षी मी मोजून एकवीस काड्या लावल्या होत्या. गणपतीला एकवीस जास्वंदी पुढच्या वर्षी घरच्याच असतील असं मनात होतं. पंधरा दिवसांत जवळपास सगळ्यांना हिरवी पालवी फुटली, मी घरी आलेल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं. नारळी पौर्णिमेपर्यंत पानं मलूल झाली आणि चतुर्थीला तीनच उभ्या होत्या. मेलेल्यांपैकी एक उपटून बघितली तर खाली मूळ म्हणून काहीच नव्हतं, देठ काळा आणि बोटानं दाबला तर चिखलासारखा मऊ. खूप वाईट वाटलं आणि त्याहून जास्त कोडं पडलं, की मूळच नव्हतं तर पानं आली कुठून?

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते. ह्याचं उत्तर कळलं की काड्या लावायचे बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात, पाठ करावे लागत नाहीत.

आधी कलम ह्या शब्दाचा घोळ

आपल्याकडे कलम म्हटलं की डोळ्यासमोर हापूस. "त्यांची दोनशे कलमं आहेत" म्हणजे दोनशे हापूसची झाडं, आणि जे कलम नाही ते रायवळ. पण कलम ह्या शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. हापूसचं कलम म्हणजे एका रोपाच्या मुळांवर दुसऱ्या झाडाची काडी जोडणं, तिथे मुळं आयती मिळतात. मी ज्याबद्दल लिहितेय ते छाट कलम, म्हणजे फांदीचा तुकडा कापून सरळ मातीत लावायचा आणि त्यानं स्वतःची मुळं स्वतः तयार करायची. फरक एवढाच, की पहिल्यात काडी बांधलेल्या घरात राहायला जाते आणि दुसऱ्यात तिला उघड्यावर राहून घर बांधायचं असतं.

तिसरा प्रकार गुटी कलम, चौथा दाब कलम. त्यांच्याकडे नंतर येते.

मोटार बंद, नळ चालू

झाडावर असताना फांदीला पाणी मुळांकडून येतं आणि पानांतून बाफ होऊन उडून जातं. घरातली टाकी समजा. मुळं म्हणजे विहिरीवरची मोटार, पानं म्हणजे नळ. फांदी कापली त्या क्षणाला मोटार बंद पडली, पण नळ सगळे चालूच आहेत. आता टाकीत जे आहे तेवढ्यावर किती दिवस काढायचे हा प्रश्न. कापलेल्या टोकातून थोडं पाणी वर चढतं, फुलदाणीतल्या फुलाला चढतं तसं, पण ते पुरेसं नसतं आणि दिवसेंदिवस कमी होत जातं.

म्हणून लावण्याआधी पानं काढतात. पण सगळी काढायची का? इथे बरेच जण चुकतात. पान नुसतं पाणी उडवत नाही, ते अन्नही बनवतं आणि मूळ फुटायला लागणारं एक द्रव्य पानांतून, कोंबातून खाली येतं. म्हणून जास्वंदीसारख्या काडीला वरची दोन पानं ठेवायची आणि ती मोठी असतील तर कात्रीनं अर्धी करायची. क्रोटनची पानं लांबलचक असतात, ती कापवत नसतील तर गुंडाळून रबर लावा. चाफा, शेवगा, पांगारा अशांच्या जाड निष्पर्ण फांद्या मात्र पानाशिवायच लावतात, त्यांच्या खोडातच भरपूर साठा असतो.

तोच साठा म्हणजे माझ्या कोड्याचं उत्तर. प्रत्येक फांदीच्या लाकडात पिष्ट साठवलेलं असतं, प्रवासाला बांधून दिलेली शिदोरीच ती. पानाच्या बेचक्यात डोळा असतो, त्या डोळ्यात कोंब आधीपासून घडी घालून तयार बसलेला असतो. दमट हवा मिळाली की तो शिदोरी खाऊन फुटतो, त्याला मुळाची गरजच नसते. मूळ मात्र जास्वंदीसारख्या काडीत तयार नसतं, ते शून्यातून बनवावं लागतं आणि त्याला तीन, चार, कधी आठ आठवडे लागतात. म्हणजे पालवी आली ह्याचा अर्थ काडी जगली असा नाही, शिदोरी खर्च व्हायला लागली असा आहे. त्यात नवीन कोवळी पानं म्हणजे आणखी चार नळ उघडले. मूळ वेळेवर आलं तर ठीक, नाहीतर शिदोरी संपते, पाणी संपतं आणि काडी बसते.

आपण जे जे काही करतो, सावली, पिशवी, पावडर, वाळू, ते सगळं एवढ्यासाठीच की सुकण्याच्या आणि कुजण्याच्या आधी मूळ यावं.

मूळ येतं कसं

काडीचं खालचं टोक कापलं की जखम होते. झाड ती जखम बुजवायला सुरुवात करतं, कापलेल्या कडेवर पांढुरका खरबरीत गोळा धरतो, भिजवलेल्या तांदळाचे दाणे चिकटवल्यासारखा. त्याला कॅलस म्हणतात. कॅलस म्हणजे मूळ नाही, ती नुसती खपली. काही काड्या महिनोन्महिने कॅलस धरून बसतात आणि मूळ काढतच नाहीत.

मूळ येतं ते सालीच्या आतल्या एका पातळ थरापाशी. साल नखानं खरवडली की खाली हिरवट ओलसर दिसतं ना, तिथेच आसपास वाढणाऱ्या पेशी असतात. त्यांना "आता लाकूड नको, मूळ बनवा" असा निरोप मिळावा लागतो. तो निरोप नेणारं द्रव्य म्हणजे ऑक्सिन. नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट ह्यांनी १९२० च्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून ते वेगळं दाखवलं. ऑक्सिन शेंड्याकडे, कोवळ्या पानांत तयार होतं आणि खोडातून खाली खालीच जातं, उलटं वर सहसा येत नाही. फांदी कापली की खाली जायला वाट उरत नाही, मग ते कापलेल्या टोकापाशी साचतं, बांध घातल्यावर व्हाळाचं पाणी तुंबावं तसं. साचलं की मूळ धरायला सुरुवात.

आता दोन नियम बघा किती सरळ होतात. काडी उलटी लावू नये, कारण ऑक्सिन जिथे साचतं ते टोक वर हवेत राहील. पानं गेलेली काडी हातात आली की वरचं कुठलं खालचं कुठलं कळत नाही, म्हणून कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवायचा. आणि खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यायचा, कारण पेरापाशी अशा जिवंत पेशी जास्त असतात आणि बऱ्याच झाडांत मुळं तिथूनच पटकन निघतात. दोन पेरांच्या मधला लांब दांडा खाली राहिला तर तो नुसता कुजतो.

पांगाऱ्याचा खुंटा फुटतो, मग आंब्याची फांदी का नाही?

हा आक्षेप रास्तच आहे. वईला, म्हणजे कुंपणाला म्हणून ठोकलेला पांगाऱ्याचा मेढा, गिरीपुष्पाची काठी, शेवग्याचा सोट, कुणी काही केलं नाही तरी फुटतात. आणि आंब्याची, फणसाची फांदी कितीही लाडानं लावा, मूळ काढणं महाकठीण.

काही झाडांच्या खोडात मुळांची सुरुवात आधीच करून ठेवलेली असते, नुसता ओलावा मिळायचा अवकाश. काहींना सगळं नव्यानं करावं लागतं, पण जमतं, जास्वंद त्यातली. आणि काही झाडं मोठी झाली की त्यांच्या पेशी निरोप ऐकेनाशा होतात, त्यात सालीखाली टणक धाग्यांचं कडं असलं तर मुळाची वाट आणखी अवघड होते.

वय हा भाग फार महत्त्वाचा. नुसतं फांदीचं वय नव्हे, झाडाचंही. जुनाट जास्वंदीच्या शेंड्याच्या फांदीपेक्षा बुंध्यापासून नव्यानं आलेला सरळ फुटवा कितीतरी लवकर मूळ धरतो. म्हणून जुन्या झाडावरून काड्या हव्या असतील तर दोन-तीन महिने आधी त्याची चांगली छाटणी करा आणि मग येणाऱ्या नव्या फुटव्यांतून काड्या घ्या.

जे मुळीच ऐकत नाही त्याला गुटी. सोनचाफ्याची काडी मातीत लावून मी दोनदा हरले, त्याचं जोडकलम किंवा गुटीच घ्यावी. गुटीत फांदी झाडावरच ठेवून सालीची दोन-अडीच सेंटीमीटर रुंद अंगठी काढतात, तिथे ओला काथ्याचा भुसा किंवा शेवाळ लावून प्लास्टिकनं घट्ट बांधतात. ह्यात मोटार बंदच होत नाही! पाणी लाकडातून वर येतं, ते चालूच राहतं. पानांत बनलेलं अन्न आणि ऑक्सिन खाली येतात त्यातला मोठा भाग सालीतून, तिथे वाट तोडली की दोन्ही कापाच्या वर साचतात आणि तिथेच मुळं निघतात. दाब कलमाचं तत्त्वही हेच. मोगऱ्याची, जुईची लोळणारी फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर जांभ्याचा तुकडा ठेवा, दोन-तीन महिन्यांत रोप तयार. मोगऱ्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो.

काडी कुठली आणि कधी

अगदी कोवळा शेंडा नको, तो दुपारपर्यंत मान टाकतो. अगदी करकरीत जून लाकूड नको, त्याला फार वेळ लागतो. मधली हवी, वाकवली तर लवचीक पण जास्त वाकवली तर कट्कन मोडणारी, रंग हिरव्याकडून तपकिरीकडे चाललेला. जाडी पेन्सिलीएवढी, लांबी वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटीमीटर, तीन-चार पेरं तरी असावीत. फूल किंवा कळी असेल तर खुडून टाका, नाहीतर सगळी शिदोरी ती खाईल. बोगनवेलीची मात्र थोडी जून काडीच चांगली. अनंत, पेंटगूळ, क्रोटन जास्वंदीसारखेच. तगर आणि रातराणी इतक्या सोप्या की ज्याला कधीच जमलं नाही त्यानं तिथून सुरुवात करावी.

काडी सकाळी काढा. रात्रभरात झाडानं पाणी भरून घेतलेलं असतं, म्हणजे टाकी पूर्ण भरलेली असताना निघायचं. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये म्हणायची आमची आजी, तिचं कारण वेगळं होतं पण दिवसभर उन्हात तापून थकलेल्या फांदीची काडी खरंच वाईट. कात्री धारदार हवी आणि पुसलेली हवी. चिरडलेला काप म्हणजे कुजायला आमंत्रण.

महिना कुठला म्हणाल तर आपल्या किनाऱ्यावर मृगापासून मघापर्यंत, साधारण जून ते ऑगस्ट. जिथे हवा कोरडी तिथल्या नर्सऱ्यांना काड्यांसाठी तुषार सोडणाऱ्या खोल्या बांधाव्या लागतात. आपल्याकडे जुलैत सगळं कोकणच तशी खोली झालेलं असतं. पापड मऊ पडतात, कपडे चार दिवस वाळत नाहीत, तीच हवा काडीला अमृत, कारण हवेतच ओल असली की पानातून पाणी उडणार किती?

अपवाद चाफ्याचा, तोच आपला देवचाफा. त्याची फांदी मार्च ते मेमध्ये, झाड निष्पर्ण असताना कापा, चीक पुसा आणि आठवडा-दहा दिवस पडवीत नुसती पडू द्या. काप वाळून बंद झाला की मग लावा आणि पाणी अगदी बेतानं. ओल्या कापाची चाफ्याची फांदी पावसात लावली तर ती आतून सडते. कण्हेरीची काडी सहज जगते पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, मुलं आणि गुरं असतील तिथे काड्या उघड्यावर टाकू नका, हात साबणानं धुवा, आणि घरातल्या पेल्यात तर ती कधीच ठेवू नका.

माती, वाळू आणि मीठ

मूळ येईपर्यंत काडीला खत नको. शेणखत घातलेल्या भारी मातीत ती कुजते, कारण तिला अजून जेवता येत नाही आणि बुरशीला येतं. तिला हवं काय तर ओल आणि हवा, दोन्ही एकदम. अर्धी जाड वाळू आणि अर्धा काथ्याचा भुसा हे मिश्रण उत्तम. भाताचा तूस जाळून काळा केलेला मिळाला तर तोही घाला, पाण्याचा निचरा सुधारतो.

आता जी चूक किनाऱ्यावरच जास्त होते ती सांगते. पुळणीवरची वाळू तर सोडाच, पण बांधकामाला आणलेली वाळू घराशेजारी पडलेली असते, ती बऱ्याचदा खाडीची असते आणि तिच्यात मीठ असतं. मीठ काडीतलं पाणी उलट बाहेर ओढतं, करंदीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसं. काथ्याच्या भुश्यातही मीठ असू शकतं, कारण काही ठिकाणी नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात. दोन्ही गोष्टी गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन घ्या, किंवा वाळू एक पावसाळा उघड्यावर पडू द्या, पाऊस काम करतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, कुठलंच मीठ टिकत नाही.

ओल किती? मिश्रण मुठीत घेऊन दाबायचं, एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त. भिजवून निथळलेले पोहे हाताला लागतात तितपत. कुंडीपेक्षा तळाला भोकं पाडलेल्या काळ्या पिशव्या बऱ्या, एकीत काही झालं तर बाकीच्या वाचतात.

पावडर लागते का? आणि मध, दालचिनी, बटाटा?

बाजारात रूटिंग पावडर म्हणून मिळते ती म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेलं ऑक्सिनच्या जातीचं रसायन, बहुतेक वेळा इंडोल ब्युटिरिक ॲसिड. त्यानं मुळं फुटतात हे झिमरमन आणि विल्कॉक्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवलं, आणि आजही नर्सरीवाले तेच वापरतात. कोवळ्या काडीला साधारण ०.१ टक्क्याची, अर्धवट जून काडीला ०.३ टक्क्याची आणि करकरीत लाकडाला ०.८ टक्क्याची अशी ढोबळ पद्धत आहे. जास्त लावली म्हणजे जास्त मुळं असं अजिबात नाही, जास्त झाली की पेशी मरतात आणि टोक काळं पडतं.

तगर, रातराणी, क्रोटन, साधी जास्वंद ह्यांना पावडर नसली तरी चालतं. अनंत, बोगनवेल, डबल जास्वंदीच्या काही जाती ह्यांना लावली तर फरक दिसतो. लावताना काडी डबीत बुडवू नका, थोडी पावडर कागदावर घ्या, टोक टेकवा, झटका. आणि मातीत आधी काठीनं भोक पाडून मग काडी ठेवा, नाहीतर खोचताना सगळी पावडर वरच पुसली जाते. डबी उजेडात आणि उष्णतेत ठेवली तर औषध हळूहळू निकामी होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या डबीवर विसंबू नये.

मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यांचं काय? मधात आणि दालचिनीत जंतू-बुरशी आटोक्यात ठेवायचा थोडा गुण आहे, पण मूळ फुटायचा निरोप त्यांत नाही, म्हणजे कुजणं थोडं लांबेल, मूळ लवकर येणार नाही. बटाट्यात गुलाबाची काडी खोचायची युक्ती मला अजिबात पटत नाही, बटाटा ओल धरतो हे खरं पण आपल्या पावसात तो आठवड्यात सडतो आणि काडीला घेऊन जातो.

आणि गुलाबाचं निघालंच आहे तर, नर्सरीतला गुलाब बहुधा रानटी गुलाबाच्या मुळांवर दुसऱ्या गुलाबाचा डोळा बसवून केलेला असतो. त्याच्या वरच्या फांदीची काडी लावली आणि जगली, तरी ती स्वतःच्या, बऱ्याचदा नाजूक मुळांवर उभी राहते. मग "मूळ झाडासारखी फुलं येत नाहीत" अशी तक्रार येते. फुलाची जात तीच असते, खालचा आधार बदललेला असतो.

पाण्याच्या बाटलीत मुळं येतात की, मग मातीचा खटाटोप कशाला?

येतात, आणि बघायला मिळतात म्हणून मुलांना फार आवडतं. पण पाण्यात वाढलेली मुळं मऊ, काचेसारखी ठिसूळ असतात, मातीतून पाणी शोषायची त्यांना सवय नसते. मातीत लावल्यावर त्यांतली बरीच मरतात आणि काडीला दुसऱ्यांदा मुळं काढावी लागतात, तीही उरलेल्या शिदोरीवर. पाण्यातच करायचं असेल तर मुळं बोटाच्या पेराएवढी, दोन-तीन सेंटीमीटर झाली की लगेच मातीत हलवा, लांब दाढी वाढायची वाट बघू नका. आणि पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतात.

एवढा पाऊस आहे, मग आडोसा कशाला?

कारण ओली हवा वेगळी आणि वरून कोसळणारं पाणी वेगळं. मी एकवीस काड्या लावल्या होत्या त्या पागोळ्यांच्या बरोबर खाली, कौलावरचं पाणी आयतं पडेल म्हणून. तेच चुकलं. दिवसरात्र धार लागली की मातीतली हवा जाते, मूळ बनवणाऱ्या पेशी गुदमरतात, काडी सारखी हलत राहते आणि कोवळ्या मुळाचं टोक तुटतं. आता मी पिशव्या पडवीच्या आत, पागोळीपासून दोन हात मागे ठेवते, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन आणि झड दोन्ही नाही.

पावसात उघडीप पडली, आठ दिवस लख्ख ऊन आलं, तर काड्यांवर पारदर्शक पिशवी उपडी घाला, आतून बाफ धरली की समजायचं हवा ओली आहे. पण पिशवी घातलेली कुंडी उन्हात कधीही ठेवू नका, आत भट्टी होते आणि एका दुपारी सगळं शिजतं. रोज सकाळी पाच मिनिटं पिशवी काढून वारा द्या. काळी पडलेली काडी दिसली की त्याच दिवशी काढून लांब टाका.

मूळ आलं हे ओळखायचं कसं

उपटून बघायचं नाही, एवढं एकच मागणं आहे. मला माहीत आहे हात शिवशिवतात. पहिली मुळं दोऱ्याएवढी बारीक आणि मोडकी असतात, एकदा उपटली की खेळ संपला. चार आठवडे काही करू नका. मग काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढल्यासारखं करा, सरळ वर यायला लागली तर सोडून द्या, खालून कुणी धरून ठेवल्यासारखी वाटली तर मूळ आहे. काळ्या पिशवीच्या तळाच्या भोकात एक दिवस पांढरा तंतू डोकावतो, तो मला अजूनही दरवर्षी नव्यानं आनंद देतो, ओल्या काळ्या प्लास्टिकवर ते पांढरं टोक, वर मातीचा एकच कण चिकटलेला.

दुसरी खूण पानांची, पण पहिल्या पालवीची नाही. पहिली पालवी शिदोरीवरची. त्यानंतर थोडी थांबून जी दुसरी फूट येते, पानं पूर्ण आकाराची आणि दुपारीही ताठ, ती मुळावरची. जास्वंदीला साधारण चार ते सहा आठवडे, पेंटगूळ आणि बोगनवेलीला दोन महिने धरा.

एकाच झाडाची शंभर रोपं : त्यात फायदा काय आणि धोका काय

काडीतून आलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नाही, ते तेच झाड आहे, फक्त दुसऱ्या जागी उभं. म्हणून काकींची डबल जास्वंद माझ्याकडे हुबेहूब डबलच येते, बियांचा भरवसा नसतो, आणि ह्या बागेतल्या जास्वंदीला बी क्वचितच धरतं. हापूसचंही तेच, त्याची कोय लावली तर रायवळ निघतो, म्हणून कलम. अबोलीत जी केशरी, भरगच्च दिल्ली अबोली मिळते तिला तर बीच धरत नाही, तिचा सगळा पसारा काड्यांवरच चालतो.

पण हुबेहूब म्हणजे आजारही हुबेहूब. मूळ झाडाला विषाणू असेल तर प्रत्येक काडीत तो येतो. जास्वंदीच्या पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, म्हणजे पिठ्या ढेकूण, तर ती काडी कुणाला देऊ नका आणि कुणाकडून घेऊ नका. वाडीतल्या सगळ्या जास्वंदी एकाच झाडाच्या असल्या तर एक रोग सगळ्यांना एकदम धरतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या घरच्या काड्या लावणं शहाणपणाचं.

आणि एक गंमतीची गोष्ट, काडीला आपण झाडावर कुठे होतो ते आठवतं. आपल्याकडच्या मिरीच्या वेलाचंच बघा. बुंध्याजवळ जमिनीवर धावणाऱ्या फुटव्याची काडी लावली तर ती पोफळीवर चढणारा वेल होते. फळं धरणाऱ्या आडव्या फांदीची काडी लावली तर ती वर चढतच नाही, कुंडीत बसणारं मिरीचं झुडूप होतं आणि आयुष्यभर झुडूपच राहतं. कोकमाचंही असंच, आडव्या फांदीची काडी वापरून केलेलं कलम उभं वाढायचं विसरतं आणि जमिनीलगत पसरतं. एकाच झाडाच्या दोन काड्या, दोन वेगळी झाडं. म्हणून मागताना नुसतं "एक काडी द्या" म्हणू नका, कुठली ते सांगा.

जमिनीत कधी

मूळ आल्यावर लगेच नाही. पिशवीतली माती मुळांनी धरून ठेवेपर्यंत आणखी महिना-दीड महिना थांबा, ह्या वेळी थोडं कुजलेलं शेणखत द्यायला हरकत नाही. आडोशातून थेट खळ्यातल्या उन्हात नेऊ नका, आठवडाभर सकाळचंच ऊन, मग हळूहळू वाढवा. बोगनवेलीची पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, तिची मुळं काचेसारखी तुटतात. जूनमध्ये लावलेली काडी सप्टेंबरअखेर जमिनीत गेली तर उरलेल्या पावसावर धरते. उशीर झाला तर पिशवीतच ठेवा, पडवीत पाणी घालत उन्हाळा काढा आणि पुढच्या मिरगाला लावा. जांभ्याच्या कातळावर ऑक्टोबरचं ऊन असं तापतं की सहा आठवड्यांची मुळं तिथे तग धरत नाहीत.

आणि पिशवीत असतानाच पहिली कळी येईल. ती खुडायची. मी ह्या वर्षी चौदा खुडल्या, एक राहू दिली, चतुर्थीच्या सकाळी ती फुलली आणि आईनं ती देव्हाऱ्यात वाहिली. त्या रोपाची वाढ बाकीच्यांपेक्षा वीतभर मागे आहे.